तांदळात लिहिलेलं नाव

लेकीचं लग्न झालं २०१८ च्या डिसेंबरात. मार्गशीर्षातला मुहूर्त धरला, कारण पुढे पौष, आणि जावयांची रजा संपत होती. लग्नानंतर चौथ्या दिवशी आमच्या डोंबिवलीच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावरून रुखवताच्या टोपल्या उठल्या आणि त्या जागी कागद आले. जावई जर्मनीत, श्टुटगार्टला नोकरीला. लग्न केलं म्हणून बायकोला विमानात बसवून नेता येत नाही. तिला तिथे नव्वद दिवसांहून जास्त राहायचं असेल तर वेगळा, दीर्घ मुदतीचा व्हिसा लागतो. त्याचा अर्ज इथून, मुंबईतून करायचा आणि तो येईपर्यंत नव्या नवरीने माहेरीच राहायचं. जावई जाताना एक यादी ठेवून गेले. मी ती फ्रिजवर चुंबकाने लावली आणि मनात म्हटलं, यात काय मोठंसं!

मैत्रिणींनो, हे म्हणायचा मला थोडा हक्क होता. मी इथल्याच एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क होते, निवृत्त होईपर्यंत जवळजवळ तीस वर्षं. हजारो शाळा सोडल्याचे दाखले माझ्या अक्षरात आहेत. जन्मतारीख अंकी, जन्मतारीख अक्षरी, आईचे नाव, मातृभाषा... कुठल्या रकान्यात लोक काय चुकतात हे मला डोळे मिटून सांगता येतं. पालक यायचे, 'मॅडम, दाखल्यात एक अक्षर चुकलंय' म्हणून. मी चष्मा वर करून विचारायचे, 'इतकी वर्षं झोपला होतात का?'

तर यादीत पहिलं होतं लग्नाच्या नोंदणीचं प्रमाणपत्र. महाराष्ट्रात लग्नाची नोंदणी १९९८ च्या कायद्याने होते आणि आमच्याकडे ते काम महापालिकेत. नवरा-नवरी, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही. साक्षीदार घरचेच होते. भटजी मात्र त्या आठवड्यात बदलापूरपासून ठाण्यापर्यंत लग्नंच लावत सुटले होते. शेवटी त्यांना एका कार्यालयाच्या मांडवात, दोन मुहूर्तांच्या मधल्या वेळात गाठलं. गुरुजींनी अक्षतांचा हात पुसला आणि सही केली. तुमच्या घरी कार्य असेल तर भटजींची सही दक्षिणेबरोबरच उरकून घ्या, एवढं एक सांगते.

दुसरं कलम होतं भाषेचं. नवरा-बायकोच्या व्हिसासाठी, येणाऱ्याला थोडीफार जर्मन आली पाहिजे असा नियम जर्मनीने २००७ साली केला. 'ए-वन' नावाची पहिली पायरी. काहींना यातून सूट होती. 'ब्लू कार्ड' नावाचा परवाना असलेल्यांच्या बायकांना ही परीक्षा लागत नव्हती, पण आमच्या जावयांचा परवाना वेगळा. (२०२२ च्या अखेरीस तिथला कायदा बदलला आणि कुशल कामगारांच्या जोडीदारांना आता ही अट सहसा लागत नाही. आम्ही तीन वर्षं आधी जन्मलो, दुसरं काय!)

लेक ठाण्याला एका कंपनीत अकाउंट्स बघत होती. ऑफिस सुटलं की नौपाड्यात जर्मनचा क्लास, मग साडेनऊची लोकल, घरी यायला सव्वादहा. जेवताना पुस्तक उघडं. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर तिने चिठ्ठ्या चिकटवल्या. मिठाच्या डब्यावर 'झाल्त्स', साखरेच्या डब्यावर 'त्सुकर'. मी म्हटलं, ही तर आपलीच साखर! आणि खरंच आपलीच निघाली. संस्कृतातली शर्करा इराणातून अरबांकडे, अरबांकडून इटलीत आणि तिथून जर्मनीत गेली म्हणे. तिला कोणी परीक्षा द्यायला लावली नव्हती.

त्या परीक्षेत तोंडी भाग असतो. त्यात आधी स्वतःची ओळख करून द्यायची. नाव, वय, देश, राहण्याचं ठिकाण, भाषा, काम, आवड. मग समोरचा म्हणतो, हा शब्द एकेक अक्षर करून सांगा. जर्मन लोक इंग्रजीचीच अक्षरं वापरतात, पण म्हणतात वेगळी. 'जे'ला 'योट', 'व्ही'ला 'फाउ'. मी भाकरी थापायची आणि लेक ओट्याला टेकून डोंबिवलीचं स्पेलिंग म्हणायची: डे, ओ, एम, बे, ई, फाउ, एल, ई. पंधरा दिवसांत ते मलाही पाठ झालं. आमचे हे बाहेरच्या खोलीतून म्हणायचे, "फाउ झालं का? मग वाढा."

लेखी भागात एक छापील फॉर्म भरायचा असतो. कोणा दुसऱ्याच्या वतीने नाव, जन्मतारीख, पत्ता. म्हणजे परक्या देशात शिरायची पहिली परीक्षा काय, तर नाव सांगता येणं आणि फॉर्म भरता येणं. मला ते फार पटलं होतं. आपलं पुढे काय होणार आहे ते ठाऊक नव्हतं म्हणून.

परीक्षा मुंबईत, काळाघोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात झाली. फेब्रुवारीतल्या त्या सकाळी मी बरोबर गेले. सोबत म्हणून, आणि खरं सांगायचं तर मला ती इमारत बघायची होती. मॅक्स म्युलर म्हणजे ऋग्वेद छापून काढणारा जर्मन पंडित. जन्मभर संस्कृतात बुडालेला हा माणूस हिंदुस्थानात मात्र एकदाही आला नाही. आणि त्याच्या नावाच्या दारात डोंबिवलीच्या, पुण्याच्या, नाशिकच्या पोरी ओठ हलवत पाठ करत उभ्या! कुणाच्या हातात हिरवा चुडा अजून ताजा. एकीची मेंदी पुसट झालेली, ती त्याच हाताने वहीची पानं उलटत होती.

शंभरपैकी साठ लागतात. लेकीला त्र्याण्णव मिळाले.

यादीत पुढे जावयांच्या घराचा भाडेकरार होता. बायको यायची तर जागा पुरेशी आहे हे दाखवावं लागतं. माझं लग्न झालं तेव्हा दीड खोलीत आम्ही सात माणसं होतो. त्या नियमाने मला रामनगरात प्रवेशच मिळाला नसता.

आता एक आडवळण घेते, पण ते या विषयातलंच आहे. साखरपुड्याच्या आधी लेकीने मुलाला एक प्रश्न विचारला होता. माझ्या समोरच. "त्या व्हिसावर मला नोकरी करता येईल का?" तिची मावशी मला स्वयंपाकघरात ओढत म्हणाली, "अगं, ही मुलाला काय विचारते आहे!" पण तो प्रश्न तिने कुठून घेतला हे मला ठाऊक होतं.

माझी एक मैत्रीण बँकेत होती. कायम नोकरी, स्वतःच्या नावावर घेतलेली स्कूटर. २००१ साली नवऱ्यामागे न्यू जर्सीला गेली. तेव्हा अमेरिकेची वकिलात ब्रीच कँडीला होती (बांद्रा-कुर्ला संकुलात गेली २०११ ला). पहाटेच्या गाडीने जाऊन ती तिथे रांगेत उभी राहिली, शिक्का मिळाला, आम्ही पेढे खाल्ले. तो एच-४ चा शिक्का होता. नवरा एच-१बी वर कामाला जातो, त्याच्यामागून जाणाऱ्या बायकोला एच-४. त्यावर राहता येत होतं, शिकता येत होतं, पण एक डॉलर कमवायची परवानगी नव्हती. हे तिला कळलं तिथे गेल्यावर. कोणी लपवलं नव्हतं, फक्त कोणी विचारलं नव्हतं. तिची पत्रं यायची. आधी बर्फाची वर्णनं, मग नवऱ्याच्या ऑफिसातल्या पार्ट्यांची, मग पत्रं आखूड झाली. एकदा तिने लिहिलं होतं की भाजी आणायलासुद्धा ह्यांच्याकडून पैसे मागताना जीभ अडते, आणि मी लाखोंची कॅश मोजणारी बाई! ते पत्र मी लेकीला वाचायला दिलं नव्हतं. तिने माझ्या कपाटातून काढून वाचलं. नऊ वर्षांनी मैत्रिणीला हिरवं कार्ड मिळालं, तेव्हा ती पंचेचाळीशीला टेकली होती. अमेरिकेने २०१५ च्या मे महिन्यात एच-४ वरच्या बायकांना कामाची परवानगी द्यायला सुरुवात केली, तीही सरसकट नाही. नवऱ्याचा हिरव्या कार्डाचा अर्ज एका ठराविक टप्प्याला पोचला असेल तरच.

तर जावयांनी (तेव्हा ते जावई नव्हते) लेकीच्या प्रश्नाला 'बघू, करू' असं उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी कायदा वाचून सांगितलं की जर्मनीत २०१३ पासून अशा जोडीदाराला राहण्याच्या परवान्यावर नोकरी करता येते. माझ्या मते लग्न त्या दिवशी ठरलं. साखरपुडा नंतर झाला.

आता माझ्या चुकीकडे येते. इतका वेळ टाळत होते.

जावयांनी फोनवर सांगितलं, "आई, तिचा जन्मदाखलाही फाईलला लावा. आत्ता लागला नाही तरी इकडे पुढे प्रत्येक गोष्टीला लागतो." मी दाखला काढून टेबलावर ठेवला. लेकीने तिचा पासपोर्ट शेजारी ठेवला. आपल्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईचं नाव छापलेलं असतं. ती दोन्हीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई, ही कोण?"

दाखल्यावर जी आई होती, तिचं पहिलं नाव वेगळं होतं.

माझं लग्न १९८९ चं. लक्ष्मीपूजनाला सासूबाईंनी तांदळाचं ताट पुढे केलं, ह्यांनी सोन्याच्या अंगठीने त्यात नाव लिहिलं, कोणीतरी वाचून दाखवलं, पेढे वाटले. मला माझं नवीन नाव असं कळलं. आवडलं की नाही हे कोणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही. तशी पद्धतच होती. पुढे रेशनकार्ड, मतदार यादी, बँक, सगळीकडे तांदळातलंच नाव लागलं. जुनं नाव राहिलं फक्त माहेरी, ठाण्याच्या आमच्या दोन खोल्यांत. दोन्ही नावं इथे छापत नाही. सोसायटीतल्या बायका उद्यापासून भलत्याच नावाने हाका मारायच्या.

१९९२ साली मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेले. लेक झाली. इस्पितळात जन्माची नोंद करणाऱ्याने बाळाच्या आईचं नाव विचारलं तेव्हा मी ग्लानीत होते. आई होती माझी तिथे. तिने सांगितलं. ती मला ज्या नावाने हाक मारायची ते. पुढे आडनाव सासरचं लावलं, तेवढं तिने भान ठेवलं. पण लेकीला दुसऱ्या नावाने हाक मारायला तिला जमलंच नव्हतं, तीन वर्षांत एकदाही. मग त्या सकाळी कसं जमणार?

दाखला हातात आला तेव्हा चूक मला लगेच दिसली. दिसणारच, माझं कामच ते. दुरुस्तीचा अर्ज करायचा हेही माहीत होतं. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा आहे, त्यात चुकीची नोंद दुरुस्त करायची सोय आहे. पुढच्या वेळी ठाण्याला जाऊ तेव्हा करू, असं म्हटलं. दुसऱ्याच वर्षी आई गेली. त्यानंतर तो दाखला मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लॉकरमध्ये ठेवला आणि दुरुस्तीचं नाव काढलं नाही. मला त्या नावाने हाक मारणारं जगात कोणी उरलं नव्हतं. त्या एका कागदावर तेवढं होतं.

शाळेत घालताना मी माझ्याच हाताने दाखल्यावर 'आईचे नाव' लिहिलं, तांदळातलं. आणि पासपोर्टला? पूर्वी १९८९ च्या २६ जानेवारीनंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मदाखलाच लागायचा. २०१६ च्या डिसेंबरात ती सक्ती गेली, शाळा सोडल्याचा दाखलाही चालू लागला. लेकीने पासपोर्ट काढला २०१७ साली. तेव्हाही मी लॉकर उघडलं नाही. 'शाळेचा दाखला दे, तो चालतो,' म्हणाले. इतरांना 'झोपला होतात का' विचारणारी मी जागी होते, हे जास्त वाईट.

त्या रात्री हे म्हणाले, "त्यात काय, नोटरी करून टाकू." लेक मात्र गप्प होती. तिने नोकरीचा राजीनामा दिला होता. तिकडे जावयांनी भाड्याचं मोठं घर घेतलं होतं. अर्जाची तारीख सहा आठवड्यांवर होती आणि अशी तारीख पुन्हा कधी मिळेल याचा भरवसा नव्हता.

गावात अशा वेळी सल्ला द्यायला माणसं तयार असतात. एक एजंट भेटला. "काकू, अपोस्टील मारून घेतो, सगळे कागद पक्के होतील," म्हणाला. मी पैसे दिले. अपोस्टील म्हणजे एका देशाचा कागद खरा आहे हे दुसऱ्या देशांनी मानावं म्हणून लावायचा सरकारी शिक्का. भारत त्या करारात २००५ साली सामील झाला. पण जर्मनीने भारताच्या बाबतीत हरकत नोंदवलेली, त्यामुळे आपला हा शिक्का तिथे चालत नव्हता. हे जावयांनी सांगितलं, पैसे देऊन झाल्यावर. एजंटने फोन उचलायचं बंद केलं. शिवाय कागद खरा होता, शिक्क्याने तो काय आणखी खरा होणार होता? प्रश्न असा होता की या दोन बायका एकच आहेत, हे कसं दाखवायचं. जुन्या नावाची दहावीची सनद होती. लग्नपत्रिका होती, तिच्यातही जुनंच नाव. नव्या नावाचे कागद ढीगभर. पण एकातून दुसरं झालं याचा पुरावा काय? ताटातले तांदूळ. त्यांचा तर दुसऱ्या दिवशी भात झाला.

दोन रात्री मला झोप आली नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे एकदम आठवलं. १९९० साली मी शाळेत लागले तेव्हा सनदेवरचं नाव आणि अर्जावरचं नाव वेगळं, म्हणून तिथल्या जुन्या हेडक्लार्कनी माझ्याकडून प्रतिज्ञापत्र करून घेतलं होतं. मी तेव्हा कुरकुरले होते. शाळा उघडायच्या आधी मी दारात उभी. माझ्या जागेवर आलेल्या मुलीने कपाटातून माझं सर्व्हिस बुक काढलं. पिवळा पडलेला स्टॅम्प पेपर, टोचणीला गंज चढलेला. 'मी खाली सही करणार... माहेरचे नाव... सासरचे नाव... या दोन्ही व्यक्ती एकच असून...' खाली दोन सह्या होत्या, दोन्ही माझ्याच हातच्या. एक सही मला करताच येईना आता. मी कागदावर करून पाहिली. हात अडला.

त्या कागदाच्या जोरावर राजपत्रात नावबदल द्यायचा ठरला. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात जुनं नाव आणि नवं नाव रीतसर छापून येतं. अर्ज आता घरबसल्या कॉम्प्युटरवरून करता येतो. लेकीनेच भरला. तेव्हा मी तिला म्हटलं, "हे झालं की तुझा जन्मदाखलाही दुरुस्त करून घेऊ. कायमची कटकट जाईल." ती की-बोर्डवरून बोटं न उचलता म्हणाली, "तो नाही बदलायचा. तो आजीने सांगितलाय." मी उठून चहा ठेवायला गेले.

राजपत्र आलं. त्यात आमचं काय, एक ओळ. पण तिथे माझी दोन्ही नावं शेजारी शेजारी होती. तीस वर्षांत पहिल्यांदा.

एप्रिलमध्ये अर्ज द्यायला आम्ही पुन्हा मुंबईला गेलो. सकाळची जलद गाडी, लेडीज डबा, फाईल छातीशी धरलेली. व्हीटीला उतरलो. मी अजून व्हीटीच म्हणते. १९९६ ला त्याचं सीएसटी झालं, २०१७ ला सीएसएमटी. स्टेशनचं नाव दोनदा बदललं तरी कुणी त्याच्याकडे प्रतिज्ञापत्र मागितलं नाही, असं मी लेकीला म्हटलं. ती हसली नाही. ओठ हलत होते, डे-ओ-एम-बे चाललं होतं. परीक्षा होऊन दोन महिने झाले होते तरी.

आत फक्त तीच गेली. मी बाहेर. दीड तासाने आली. फी ७५ युरोंची, तेवढ्या रुपयांची पावती हातात. खिडकीतल्या बाईने कागद एकेक करून लावले, राजपत्राचं पान पाहिलं, प्रतिज्ञापत्राच्या प्रतीवर बोट ठेवून विचारलं, "ही आई?" लेक म्हणाली, "हो, दोन्ही." बस, इतकंच. ज्यासाठी मी रात्री जागवल्या ते अर्ध्या मिनिटात झालं.

मग वाट बघणं. असा अर्ज वकिलातीतून जर्मनीला, नवरा राहतो त्या गावच्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडे जातो आणि त्यांचा होकार आला की इथे शिक्का बसतो. दहा आठवडे लागले. ते दहा आठवडे घरात लग्न झालेली मुलगी असणं हे काय असतं ते डोंबिवलीत राहणाऱ्यांना सांगायला नको. फडके रोडवर भाजी घेताना प्रश्न, मंदिरात प्रश्न, जिन्यात प्रश्न. "अजून इथेच?" एका बाईंनी तर आवाज खाली आणून विचारलं, "सगळं ठीक आहे ना?" लेकीने बाहेर पडणं कमी केलं. मी उलट तिला मुद्दाम घेऊन जायला लागले. तिच्या सासूबाई कल्याणला राहतात. त्या दर शनिवारी यायच्या आणि आमच्या जिन्यात मोठ्याने म्हणायच्या, "सूनबाई, व्हिसा आला की कळव गं, मी चिवडा करायला घेते." मला त्यांचे पाय धरावेसे वाटायचे.

त्यांचं एक सांगायचं राहिलंच. लग्नात लक्ष्मीपूजनाला त्यांनीही ताट पुढे केलं होतं. लेकीने आधीच सांगून ठेवलं होतं की नाव बदलणार नाही, आडनावही नाही. मला धाकधूक. जावयांनी अंगठी हातात घेतली आणि तांदळात तिचंच नाव लिहिलं. विहीणबाईंच्या एका नणंदेने "हे काय!" म्हटलं. विहीणबाई म्हणाल्या, "माझं बदललं होतं. गेल्या वर्षी चारधामचं तिकीट आधारवर एका नावाचं, पॅनवर दुसऱ्या नावाचं. पुरे झालं." आणि पेढा वाटायला घेतला.

जुलैत व्हिसा आला. तो शिक्काही तीनच महिन्यांचा. तिथे पोचल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद आणि मग राहण्याच्या परवान्यासाठी वेगळा अर्ज. लेकीने पहिल्याच महिन्यात फोन केला की इथे सगळे तिच्या बाबांचं नाव तिचंच दुसरं नाव समजतात, कारण पासपोर्टात ते तिच्या नावाला जोडून आहे. डॉक्टरकडे, बँकेत, सगळीकडे बाबांच्या नावाने पुकारा. आमचे हे चार दिवस खूश होते. सात महिन्यांनी तिला एका छोट्या कंपनीत हिशेबाचं काम मिळालं. पहिल्या पगारातून तिने मला काही पाठवलं नाही. स्वतःला बर्फात घालायचे बूट घेतले आणि फोटो पाठवला. मी तो फोटो न्यू जर्सीच्या मैत्रिणीला पाठवून दिला.

२०२२ ला नात झाली, तेव्हा माझी पाळी आली अर्जाची. आईला काही मुलीसारखा दीर्घ मुदतीचा व्हिसा नव्हता. मला पाहुणीचा, १८० दिवसांत फार तर ९० दिवसांचा. सव्वा महिना उरकून वर थोडे दिवस, पुरले. त्या फॉर्मवर पहिल्या चौकटीत आडनाव, दुसरीत जन्माच्या वेळचं आडनाव, तिसरीत पहिलं नाव. मी चौथी चौकट शोधत राहिले. नव्हतीच. बाईचं आडनाव बदलतं हे त्या लोकांना ठाऊक आहे. पाळण्यातलं नावही बदलतं, हे त्यांच्या अर्जाच्या कल्पनेतच नाही. जुनं नाव लिहायला जागा नव्हती, आणि कोणी विचारलंही नाही. राजपत्राची प्रत मात्र मी पर्समध्ये घेऊन गेले होते.

आता आपल्याकडे १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचं नाव, मग वडिलांचं, असा राज्य सरकारचा नियम आला आहे. बातमी वाचली तेव्हा माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला तो क्लार्कचा. आईचं कोणतं?

परवा आमच्या वरच्या मजल्यावरची वहिनी आली. तिची मुलगी नेदरलँड्सला निघाली आहे नवऱ्याकडे. 'तुमची ती फाईल बघू का जरा' म्हणाली. मी दिली. देश वेगळा आहे, यादी वेगळी असेल, तिथल्या वकिलातीची नवी यादी आधी वाच, असं बजावून दिली. तिने तिथेच उभ्या उभ्या पिशवीतून मुलीचा जन्मदाखला काढला, उजेडात धरला आणि बराच वेळ एकाच ओळीकडे बघत राहिली. मी विचारलं, "तुझंही बदललंय?"

"हो ना," ती म्हणाली. "पण मला वाटलं, ते कोणी बघत नाही."

मी तिला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. चहा ठेवला. साखरेच्या डब्यावरची ती चिठ्ठी अजून तशीच आहे.